गाडी झुकते, माल चढतो

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एखादा गाळा हलवायचा ठरला की सगळ्यांची नजर आधी लेथकडे जाते. दोन टनांचं ते धूड फाउंडेशनवरून सुटतं, पहारीने कोपरा उचलून खाली पाइपचे तुकडे सरकवले जातात आणि चार माणसं ते इंचाइंचाने दारापर्यंत आणतात. अडतं ते दारातल्या ट्रकपाशी. हौद्याचा तळ जमिनीपासून जवळपास ४ फूट वर असतो.

हे ४ फूट चढण्यासाठी हौदाच खाली आणायचा, ही सोय असलेली गाडी या पट्ट्याला अनोळखी नाही. बंद पडलेल्या मोटारी नेणारी फ्लॅटबेड ती हीच. तरीही तिच्याविषयी बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज म्हणजे, हा टिपरचाच एक प्रकार. टिपर खडी-माती ओतण्यासाठी असतो. खडीचा ढीग ३५ अंशांच्या उतारावरही जागचा हलत नाही, म्हणून टिपरचा हौदा ४५-५० अंशांपर्यंत उचलावा लागतो. माल चढवणाऱ्या गाडीचं गणित नेमकं उलटं. तिचा हौदा आधी चॅसीवरून मागे सरकतो, मग झुकतो आणि त्याचं टोक जमिनीला टेकतं. कोन साधारण १०-१२ अंशांच्या घरात राहतो. टिपरमध्ये माल घसरावा ही इच्छा असते, इथे तो घसरू नये यासाठी सगळी धडपड.

‘एवढा खर्च कशाला, दोन जाड फळ्या लावल्या की झालं’ हे तर सर्रास ऐकू येतं. ४ फूट उंचीला १० फुटी फळी लावली तर चढ सुमारे २४ अंशांचा होतो. त्या चढावर २ टनांचा लेथ नुसता थोपवून धरायलाच ८०० किलोंच्या आसपास ताण लागतो, वर खेचताना घर्षण वेगळंच. कोन १० अंशांवर आणला की हाच ताण साडेतीनशे किलोंपर्यंत उतरतो. पण फळ्यांनीच १० अंश साधायचे तर त्या २३ फूट लांब हव्यात, आणि एवढ्या लांब फळ्या भाराखाली मधोमध वाकतात. शिवाय फळी जिथे हौद्याला टेकते तिथे चढ एकदम संपतो. यंत्र त्या कडेवर क्षणभर तोलून राहतं आणि मग धाडकन पुढे पडतं. झुकलेल्या हौद्याला ही कडच नसते, जमिनीपासून केबिनपर्यंत एकच सलग पृष्ठभाग. म्हणून मोटारीचा पुढचा बंपरही खाली घासत नाही.

फळ्यांच्या पद्धतीत खालून रेटणारा माणूस भाराच्या वाटेतच उभा असतो, आणि हे सगळ्यांत वाईट. गाडीच्याच विंचने वरून खेचलं की त्या जागी कुणी उभं राहायची गरजच उरत नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्या महाराष्ट्रात हा मुद्दा खर्चाच्या हिशेबात शेवटी ढकलणं पटण्यासारखं नाही. झुकता हौदा आला म्हणून हमालाचं काम जात नाही. गुटके लावणं, रोलर बदलणं, साखळ्या आवळणं हातांनीच होतं. फक्त ते हात आता बाजूला उभे राहून काम करतात.

कोन कमी म्हणजे धोका संपला, असंही नाही. तेल सांडलेल्या लोखंडी पत्र्यावर लोखंडी पायाचं यंत्र ६-८ अंशांतसुद्धा सरकू शकतं. मधे कोरडं लाकूड किंवा रबरी मॅट घातली की पकड कितीतरी वाढते. पावसाळ्यात तर हे विसरून चालतच नाही.

हायड्रॉलिक पंपाशिवाय, नुसत्या वजनावर झुकणारे ट्रेलरही असतात. त्यांचा हौदा चाकांच्या जवळच्या खिळीवर तोललेला असतो. रोड रोलर किंवा फोर्कलिफ्ट मागून चढत खिळीच्या पुढे गेली की हौदा आपोआप आडवा होतो. हे आपटत घडू नये म्हणून खाली तेलाचा दट्ट्या असतो, जो हौदा सावकाश टेकवतो. दट्ट्या गळका असेल तर अनेक टनांचा भार एका झटक्यात खाली येतो.

‘हायड्रा आहे की!’ मोकळ्या प्लॉटवर हायड्रा क्रेनसारखी सोय नाही, हे खरंच. पण तिचा बूम जितका पुढे जातो तितकी उचलायची ताकद घटते. उल्हासनगरच्या कॅम्पांमधल्या अरुंद गल्ल्यांत वर विजेच्या तारा, पुढे पत्र्याची शेड आणि बूमला टांगलेलं यंत्र झोके घेतंय, हे दृश्य कुणालाही नको असावं.

आता क्षमता. सरकता हौदा, सिलिंडर आणि विंच यांचं वजन गाडीच्याच एकूण परवानगीतून वजा होतं. म्हणजे तशाच साध्या ट्रकपेक्षा माल कमी बसतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. जुन्या ट्रकवर गॅरेजमध्ये परस्पर हायड्रॉलिक बसवून घेणंही नियमात बसत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी प्रमाणपत्रावर यावा लागतो, आणि एमएच-०५ क्रमांकाच्या गाडीसाठी त्याची वाट कल्याणच्या आरटीओतून जाते.

गाडी बोलावण्याआधी गाळ्यासमोरची जागा मोजून घ्यावी. हौदा मागे सरकतो, त्यामुळे ट्रकच्या लांबीशिवाय मागे आणखी जागा लागते, वर यंत्र वळवायला थोडी मोकळीक हवी. जमीनही आडवी सपाट हवी. एका बाजूची चाकं गटाराच्या झाकणावर असतील तर हौदा झुकवताना गाडीच कलंडू शकते.