असून अडचण, मोडून हळहळ

'असून अडचण, नसून खोळंबा' ही म्हण वर्गात समजावून सांगताना मी इतकी वर्षं जावयाचं नाहीतर जुन्या स्कूटरचं उदाहरण देत आले. यंदापासून मात्र माझ्याकडे हक्काचं उदाहरण आहे. माझ्या मामाची शिडाची होडी!

आमचं आजोळ सदाशिवगडचं. काळी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पलीकडच्या काठाला कारवार आणि अलीकडे सदाशिवगड. बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशीचा घाट उतरला की कद्रा लागतं आणि मग नदीच्या सोबतीनेच खाली यायचं. शाळेत असताना मे महिन्यात आम्ही भावंडं तिकडे पोचलो की पहिली धाव घराकडे नव्हे, होडीकडे असायची. तीस फुटांच्या आसपासची ती होडी आजोबांनी बांधून घेतलेली. खाली सागवान, आतल्या वाकड्या फासळ्यांना ऐनाचं लाकूड, मधोमध डोलकाठी, तिच्यावर तिरकी परबाण आणि परबाणीला जाड मांजरपाटाचं तिकोनी शीड. नारळ, चिरे, कौलं, गवत, जे मिळेल ते भरून मामा नदीने वर जायचा आणि ओहोटीबरोबर परत यायचा. तरुणपणी रवींद्रनाथ टागोर १८८३ साली कारवारला आपल्या भावाकडे राहिले होते. एका चांदण्या रात्री तेही लहानशा होडीतून या नदीत फिरून आले होते. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं. पण भाडं किती दिलं?"

मामाचा प्रश्न थट्टेचा होता, पण त्याचं सगळं जगणंच त्या भाड्यावर होतं. काळीवर मोठा पूल झाला, रस्ता सुधारला आणि ट्रक थेट दारात माल टाकू लागले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. होडीला भाडं कोण देणार? पुढे काही वर्षं मामाने तिची मासेमारीसाठी नोंद केली, शीड उतरवून मागे इंजिन लावलं. तेही झेपेना, तेव्हा होडी माडांखाली ओढून ठेवली आणि वर झावळ्यांची झाप घातली.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना जीभ जरा अडखळते.

२०१४च्या दिवाळीत मामा मला म्हणाला, "बाय, ही आता मोडायला हवी. लाकूड चांगलं आहे तोवर मोडली तर गोठ्याला होईल, दाराला होईल." मी काय केलं? मी मराठी विषयाची एम.ए., कॉलेजात शिकवणारी. मी त्याला वारशावर चांगलं अर्ध्या तासाचं व्याख्यान दिलं! अशा होड्या आता उरल्या नाहीत, पुढच्या पिढीला काय दाखवणार, आजोबांची आठवण आहे, एखाद्या संग्रहालयाला देऊ, मी पत्रं लिहिते, असं बरंच काही. मामा चौथी शिकलेला. शिकलेल्या भाचीच्या शब्दाबाहेर कसा जाणार? तो 'बरं' म्हणाला. मी बेळगावला परतले. दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं की जागा नाही, दुसऱ्याचं आलंच नाही. मग परीक्षा, पेपर तपासणी, मुलांची शाळा... होडी माझ्या डोक्यातून गेली. २०१६ साली मामाही गेला.

होडी मात्र तिथेच होती. मामी दर पावसाळ्याआधी झाप बदलायची, तीही पुढे तिला होईना. होडीत पाणी साचायचं आणि डासांची पैदास व्हायची. शेजारच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा त्याची आई भांडायला आली नाही, नुसती येऊन होडीकडे बघून गेली. मामी म्हणते, भांडली असती तर बरं झालं असतं.

मग ७ ऑगस्ट २०२४ची रात्र आली. मध्यरात्र उलटून गेल्यावर काळी नदीवरचा एक्केचाळीस वर्षांचा जुना पूल कोसळला. एक ट्रक नदीत गेला, त्याच्या चालकाला मच्छीमारांनी आणि पोलिसांनी वाचवलं. ज्या पुलाने मामाच्या होडीच्या पोटावर पाय दिला, तो पूल होडीच्या आधी पडला! दुसऱ्या दिवशी मी काळजीने फोन केला तर मामी म्हणाली, "आम्ही सुखरूप आहोत. पण बाय, जुनं झालेलं वेळेवर उतरवलं नाही की ते आपल्या वेळेला पडतं. तुला ती होडी हवी असेल तर ने बेळगावला. नको असेल तर येऊन मोड."

उत्तर द्यायला माझ्याजवळ शब्द नव्हते.

नको असलेली होडी कुणाला हवी?

परदेशात होडीमालकांची एक थट्टा आहे. म्हणे, त्यांच्या आयुष्यात आनंदाचे दिवस दोनच, होडी घेतली तो आणि विकली तो. आम्हाला दुसऱ्या आनंदाची वाट काही सापडेना. मुंबईला असलेला मामेभाऊ फोनवर म्हणाला, "अक्का, फुकट दिली तरी चालेल." पण मच्छीमारांना फायबरची होडी आणि बाहेर लावायचं इंजिन हवं असतं. लाकडी होडीला दर वर्षी तेल पाजा, फटींत कापूस ठासा, डांबर लावा, एवढे हात आता कुणाकडे आहेत?

गोव्याहून एक हॉटेलवाले आले. होडीचा पुढचा अर्धा भाग कापून त्याचं दारूचं काउंटर करायचं म्हणाले. माझा जीव वरखाली झाला. मामी शांतपणे म्हणाली, "चहा ठेवा नाहीतर दारू ठेवा, लाकूड वापरात तर राहील." पण त्यांनी तळाच्या फळीत स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. ते चहा पिऊन निघून गेले.

कुणी सुचवलं, दगड भरून रात्री नदीत बुडवा. हा सल्ला किनाऱ्यावर सर्रास मिळतो, पण तो कुणी ऐकू नये. बुडवलेली होडी जागेवर राहत नाही. ती पुरात सरकते, जाळी फाडते, दुसऱ्याच्या होडीचा तळ फोडते. पडलेल्या पुलाचे तुकडे नदीत असताना आपण त्यात आणखी भर घालायची? कुणी म्हणालं, वाळूवर नेऊन पेटवून द्या. पण वर्षानुवर्षांचं डांबर आणि रंग प्यायलेलं लाकूड जळलं की त्याचा धूर साऱ्या वाडीच्या छातीत जातो.

संग्रहालयाचं माझं जुनं वेड पुन्हा डोकं वर काढत होतंच. कारवारच्या टागोर किनाऱ्यावर नौदलाची 'चपळ' ही निवृत्त युद्धनौका २००६पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. मी एका संध्याकाळी ती बघायला गेले. एवढी पोलादी नौका, पण खारं वारं तिलाही सोडत नाही. जपायचं म्हणजे रंग, माणसं आणि पैसा दर वर्षी. आणि मी दहा वर्षांत साधी एक ताडपत्री घेऊन गेले नव्हते! 'जपून ठेवा' म्हणणं आणि जपणं यात किती अंतर असतं, ते मला त्या किनाऱ्यावर कळलं.

चार दिवस

अखेर २०२५च्या एप्रिलमध्ये, परीक्षा संपताच मी आठ दिवसांची रजा टाकून गेले. वाडीतले एक म्हातारे मेस्त तयार झाले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, हात कापतात, पण तासणी हातात आली की कापत नाहीत. मदतीला त्यांचा नातू.

होडी मोडणं म्हणजे कुऱ्हाड घालणं, अशी माझी समजूत होती. मेस्तांनी पहिला अर्धा दिवस कशालाच हात लावला नाही. नुसते फिरले आणि बोटांनी टकटक करत ऐकत राहिले. "बद्द वाजतं ते गेलं, टण् वाजतं ते आहे." मग बांधण्याच्या उलट क्रमाने काम सुरू झालं. आधी डोलकाठी, मग सुकाणू, बसायच्या फळ्या, वरच्या कडा आणि शेवटी तळ. खिळे उपटायचे नाहीत, मागून ठोकून बाहेर काढायचे, म्हणजे फळी चिरत नाही.

तळाची एक फळी त्यांनी मला उभी चिरून दाखवली. बाहेरून धड, आत बोटाएवढ्या नळ्यांची चाळण. समुद्रात लाकूड खाणारा टेरेडो नावाचा जीव असतो. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नव्हे, शिंपल्याच्या जातीचा आहे. पोरवयात टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतच खात वाढतो. गोड्या पाण्यात मात्र तो तग धरत नाही. मामा अधूनमधून होडी नदीत पार वर नेऊन आठवडाभर का बांधून ठेवायचा, ते मला इतक्या वर्षांनी समजलं. आम्हाला वाटायचं, मामा आराम करतो!

"ही भोकं जुनी," मेस्त म्हणाले. "यांनी होडी मेली नाही. ही बाकीची बघ, ही वाळवी आणि पावसाचं पाणी. ही गेल्या दहा वर्षांतली." त्यांना माझं व्याख्यान ठाऊक नव्हतं. ते सहज बोलले. मी मान खाली घालून खिळे गोळा करत राहिले.

चौथ्या दिवशी हिशेब झाला. साधारण एक तृतीयांश लाकूड कामाचं निघालं. मेस्तांच्या मते २०१४ साली मोडली असती तर तीन चतुर्थांश निघालं असतं. डोलकाठी उंडीची, ती धड होती. ती गोठ्याचं आढं झाली. सागवानाच्या चांगल्या फळ्या एका सुताराने घेतल्या, त्या पैशात मेस्तांची मजुरी आणि गोठ्याची कौलं भागली. लोखंड भंगारात गेलं. कुजलेलं पण डांबर न लागलेलं लाकूड न्हाणीच्या चुलीला गेलं. डांबराचे तुकडे मात्र मामीने चुलीजवळही येऊ दिले नाहीत.

एक काम कागदाचंही होतं. २००८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' नावाची मच्छीमार नौका पळवून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर होडीच्या नोंदणीकडे बारकाईने पाहिलं जातं. म्हणून मोडलेल्या होडीचा नंबर मागे ठेवू नये. मामेभावाने वारसाचे कागद आणि मोडल्याचे फोटो देऊन नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला. नंबर रंगवलेली फळी मेस्तांनी आधीच रंधून कोरी केली होती.

शब्दांची मोळी

त्या चार दिवसांत मी एकच काम माझ्या शिक्षणाला शोभेसं केलं. मेस्त जो भाग सोडवतील त्याचं नाव विचारून वहीत लिहिलं. नाळ, परबाण, सुकाणू हे शब्द ठाऊक होते. बाकीचे बरेच मी आयुष्यात प्रथमच ऐकले. एकेका दोराला, एकेका फळीला, एवढंच काय शिडाच्या प्रत्येक कोपऱ्याला वेगळं नाव! बेळगावला आल्यावर मोल्सवर्थचा कोश काढून बसले. १८३१ साली पहिल्यांदा निघालेल्या आणि १८५७ साली वाढवलेल्या त्या कोशात काही शब्द सापडले, काही थोड्या वेगळ्या रूपात सापडले आणि काही सापडलेच नाहीत. ते आता मेस्तांच्या तोंडी आणि माझ्या वहीत, एवढेच आहेत. दहा वर्षांपूर्वी वही घेऊन मामासमोर बसले असते तर? होडी वाचवायच्या नादात मी होडी जाणणाऱ्या माणसाला विचारायचंच विसरले होते.

योगायोग असा की त्याच वर्षी, २१ मे २०२५ रोजी कारवारच्याच नौदल तळावर 'कौंडिण्य' या जहाजाचं नामकरण झालं. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेलं, शिडावर चालणारं जहाज! डिसेंबर २०२५च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६मध्ये ते मस्कतला पोचलंसुद्धा. हे जमलं ते जुनं जहाज कुठे जपून ठेवलेलं होतं म्हणून नव्हे. लाकूड शिवण्याची विद्या केरळातल्या कारागिरांच्या हातात जिवंत होती म्हणून. मी ती बातमी मामीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्यांच्या सासऱ्यांची होडी अशीच शिवलेली होती म्हणायचे." त्यांच्या म्हणजे आजोबांच्या सासऱ्यांची. हेही मी वहीत लिहिलं.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांचं गोव्यात, कारवारला, वेंगुर्ल्याला आजोळ आहे. तिथे परसात एखादी होडी असेल, किंवा होडी नाही तर गाडा असेल, घाणा असेल. सांभाळणार असाल तर दर वर्षी हाताने आणि पैशाने सांभाळा. नसाल तर लाकूड धड आहे तोवर मोडा, आणि मोडण्याआधी तिच्या जाणत्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आजच्या फायबरच्या होड्यांना तर ही सोयही नाही. त्या कुजत नाहीत, चुलीत चालत नाहीत, आढं होत नाहीत. फ्रान्समध्ये २०१९पासून जुन्या सहलीच्या होड्या मोडण्याची देशभर व्यवस्था आहे. मालकाने होडी केंद्रापर्यंत पोचवायची, मोडण्याचा खर्च त्याच्यावर पडत नाही. आपल्या किनाऱ्यालाही लवकरच असं काही करावं लागेल.

यंदा मे महिन्यात पुन्हा जाणार आहे. होडीची जागा मोकळी झाली, तिथे मामीने अळू लावलंय. मेस्तांची वहीतली पानं अजून अर्धी कोरी आहेत. त्यांचा निरोप आलाय, "लवकर ये म्हणावं, मी काही सागवानाचा नाही."