बालयकृताच्या चाळीस वर्षांचा हिशेब

तैवानने जुलै १९८४ मध्ये हिपॅटायटीस बी असलेल्या मातांच्या नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि १९८६ पासून ती सर्वच नवजातांना दिली. त्याला ४० वर्षं उलटून गेल्यावरही आपल्याकडे पॉझिटिव्ह मुलाच्या पालकांना ‘एन्झाइम नॉर्मल आहेत, काळजी नको’ एवढंच सांगून परत पाठवलं जातं, हे खुपतं. या दिलाशाचं मूळ जुनं आहे. १९६८ च्या वर्गीकरणाने दीर्घकालीन हिपॅटायटीसचे एक निरुपद्रवी आणि एक घातक असे दोन कप्पे पाडले होते, आणि पुढची पंचवीसेक वर्षं पहिल्या कप्प्यातल्या मुलांकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

खरं शिकवलं ते नव्वदच्या दशकाने. १९९४ मध्ये ते कप्पे मोडीत निघाले. आजाराचं कारण, दाहाची तीव्रता आणि तंतुमयतेची पायरी या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायच्या ठरल्या. सूक्ष्मदर्शकाखाली बालयकृताची चढण मग स्पष्ट वाचता येऊ लागली. आधी पोर्टल भागात लिम्फोसाइट जमतात, मग त्या भागाच्या कडेच्या यकृतपेशी मरू लागतात, तंतू एका पोर्टल भागापासून दुसऱ्यापर्यंत पोचतात आणि शेवटी गाठींचं सिरोसिस. बहुतेक मुलं पहिल्या पायऱ्यांवरच असतात, हे खरंच. पण रक्तातले आकडे शांत असूनही काहींच्या यकृतात तंतू वाढलेले आढळतात. याच दशकात, १९९७ मध्ये, मेइ-ह्वेइ चांग आणि सहकाऱ्यांनी तैवानमधल्या ६ ते १४ वयोगटाचे आकडे मांडले. दर लाख मुलांमागे यकृताचा कर्करोग १९८१–८६ मधल्या ०.७० वरून १९९०–९४ मध्ये ०.३६ वर आला होता. बालपणीचा संसर्ग थोपवला की बालपणीचाच कर्करोग घटतो, याहून ठोस पुरावा कोणता हवा होता?

मुलाच्या पोटात सुई घालून मिळणारा तुकडा यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग, रक्तस्रावाची भीती, आणि आता लवचिकता मोजणारं यंत्र आहे, मग बायोप्सीचा आग्रह कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे; सरसकट सुई कुणीच मागत नाही. मात्र यंत्राचा आकडा दाहानेही चढतो आणि तंतूंनीही, आणि नेमकं कशाने चढला हे एकटा आकडा सांगत नाही. शंका असलेल्या मुलातही ऊतक पाहायची सवय सुटली, तर त्या दशकाने वेगळ्या केलेल्या दाह आणि तंतू या दोन गोष्टी आपण पुन्हा एकत्र कालवू.

दुसरं दुखणं प्रतिबंधाचं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ पर्यंत ही लस सर्व देशांच्या कार्यक्रमात यावी असं म्हटलं होतं. भारतभर ती पोचायला २०११ उजाडलं. जन्मतः संसर्ग झालेल्या दहातल्या सुमारे नऊ बाळांचा आजार कायमचा होतो, म्हणून पहिला डोस २४ तासांच्या आत हवा. तरी एका बाळासाठी दहा डोसांची कुपी फोडायला प्रसूतिगृहं कचरतात, वाया जाईल म्हणून. वास्तविक आपल्या सरकारी धोरणानुसार नीट जपलेली उघडी कुपी २८ दिवस वापरता येते.