महिमापूरच्या सात मजली बारवेत एवढ्या पायऱ्या कशाला?

वाशिम : शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरला सात मजली चौकोनी दगडी बारव आहे. एवढ्या पायऱ्या कशाला? तर उन्हाळ्यात पाणी जसजसं खाली जातं, तसतसा माणूसही पायऱ्या उतरत जातो. दोर नको, रहाट नको. घागर थेट पाण्यात बुडते.

२०२२ मध्ये टपाल खात्यानं राज्यातल्या आठ बारवांची चित्रं पोस्टकार्डावर छापली, बरं झालं. पण गावोगावच्या बारवांत अजून निर्माल्य अन् प्लास्टिक पडतंच. साफसफाई करताना तळाला सिमेंट मात्र टाकू नका. पाणी येतं झऱ्यांतून. गाळ काढला की ते मोकळे होतात, काँक्रीट केलं की बुजतात. भिंतीत पिंपळ उगवला तर रोप असतानाच काढा, नाहीतर मुळ्या चिरे सुटे करतात.