निवडुंग की शेर, कोरफड की घायपात? बागेतील अनोळखी मांसल वनस्पती कशी ओळखावी

कोणी लावली ते आठवत नाही आणि महिनोन्‌महिने पाणी दिले नाही तरी मरत नाही, अशी एखादी मांसल वनस्पती अनेक बागांत असते. काटेरी असल्यास तिला सरसकट ‘निवडुंग’ आणि पाने जाड असल्यास ‘कोरफड’ म्हटले जाते. मात्र पान, खोड किंवा मुळात पाणी साठविण्याची क्षमता जवळचे नाते नसलेल्या अनेक वनस्पतिकुळांत स्वतंत्रपणे विकसित झाली आहे. त्यामुळे केवळ रूपावरून केलेला अंदाज चुकू शकतो आणि ती चूक डोळ्यांवर किंवा पोटावर बेतू शकते.

काटे कोठून उगवतात?

खोड जाड व काटेरी असल्यास प्रथम काट्यांचे मूळ पाहावे. कॅक्टस कुळात काटे उशीसारख्या लहान, लवदार ठिपक्यांतून निघतात. मूळच्या अमेरिका खंडातील फड्या निवडुंगावर हे ठिपके स्पष्ट दिसतात. भारतात आढळणारा त्रिधारी निवडुंग मात्र एरंडाच्या कुळातील असून त्याचे काटे जोडीने येतात व तेथे लवदार ठिपका नसतो.

चीक पांढरा आहे का?

त्रिधारी निवडुंग किंवा कुंपणाला लावला जाणारा बिनकाट्याचा शेर यांना जखम होताच दुधासारखा चीक वाहतो. तो त्वचेला झोंबतो आणि डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होऊन दृष्टी अंधूक होऊ शकते. म्हणून अनोळखी झाडाची छाटणी हातमोजे व चष्मा घालूनच करावी. चीक डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि तातडीने नेत्रतज्ज्ञांकडे जावे. काही कॅक्टसमध्येही पांढरा चीक असतो. त्यामुळे काटे आणि चीक या दोन्ही खुणा एकत्र तपासाव्यात.

पान मोडते की वाकते?

कोरफडीचे पान सहज कापले जाते. आधी पिवळसर कडू रस आणि मग पारदर्शक गर दिसतो. घायपाताच्या पानात दोरासाठी वापरले जाणारे चिवट तंतू असतात आणि टोकाला बहुधा सुईसारखा कठीण काटा असतो. त्याच्या रसातील सूक्ष्म, अणकुचीदार स्फटिकांमुळे त्वचेची आग होते. कोरफड समजून घायपात खाणे किंवा चेहऱ्याला लावणे त्यामुळे धोक्याचे ठरते. पानांच्या कडांवर इवली रोपे फुटत असतील, तर ती पानफुटीच्या जातकुळीतील वनस्पती असण्याची शक्यता अधिक. तिच्यातील काही घटक गुरांच्या हृदयास घातक असतात.

फुलाची प्रतीक्षा

मोबाईलवरील छायाचित्रावरून मिळालेले नाव हा केवळ अंदाज असतो. नेमक्या ओळखीसाठी फूल सर्वाधिक उपयुक्त ठरते. त्यामुळे बहर येताच फूल, पान व खोडाची जवळून छायाचित्रे घेऊन ती वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांना दाखवावीत. तोवर अशी वनस्पती औषध म्हणून वापरू नये आणि मुले व जनावरांपासून दूर ठेवावी.