काजूखाली जायफळ उगवत नाही

दोडामार्गच्या रस्त्याला लागलं की गाडीतला कोणीतरी म्हणतोच, ‘कोकणात रान अजून शाबूत आहे हो!’ डोंगर हिरवेगार असतात, त्यामुळे त्याची चूक म्हणवत नाही. पण जरा खाली उतरून बघावं.

गैरसमज : झाडं आहेत, म्हणजे जंगल आहे.

सरकारी मोजणीनंही या समजुतीला हातभार लावलाय. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांचं छत्र १० टक्के असलं, की भारतीय वन सर्वेक्षण ते वनाच्छादन धरतं. झाड कुठलं, मालक कोण, हा प्रश्नच नाही. रान काढून तिथं रबर किंवा काजू वाढला, तर तोही त्यात बसतो. वरून हिरवं ते हिरवंच. फरक कळतो तो जमिनीवर. पडलेला काजू दिसायला हवा म्हणून बागेची बेणणी होते आणि गवताबरोबर कोयत्याखाली रानातल्या झाडांची वीतभर रोपंही जातात. म्हातारी झाडं बांधाला उभी असतात, पण त्यांची पुढची पिढी नसते.

गैरसमज : तोडलं तरी रान पुन्हा फुटतं.

हे अर्धं खरं. ऐन, किंजळ कुऱ्हाडीला दाद देत नाहीत, खुंटावर पुन्हा फुटवे धरतात. राबासाठी कवळ तोडणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जेसीबीचं काम वेगळं. तो खुंट मुळासकट उपटतो, वरची माती ढकलून टप्पे पाडतो. मग फुटणार काय? उघड्या उन्हात आधी येते ती अमेरिकेतून आलेली, वाऱ्यावर बी उडवणारी रानमोडी.

सदाहरित झाडांचं तर आणखी अवघड. हेवाळे-बांबर्ड्याच्या देवराईत, ओढ्याच्या दलदलीत, जायफळाच्या कुळातली झाडं उभी आहेत. मुळं चिखलाच्या वर आलेली. बी चांगलं मोठं, जायपत्रीत गुंडाळलेलं. धनेशासारखा पक्षी ते गिळून लांब नेऊन टाकतो. सावली-ओल मिळाली तर रुजतं, वाळलं की मेलंच. पावसाची वाट बघत वर्षानुवर्षं मातीत पडून राहणं त्याला जमत नाही.

गैरसमज : देवराई राखली की झालं.

हेवाळे-बांबर्ड्याची ही देवराई जैवविविधता वारसा स्थळ आहे, पण जागा जेमतेम अडीच हेक्टर. जायफळाच्या कुळातल्या या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. मोजक्याच झाडांवर वंश चालणं कठीण. धनेशाला ढोलीची जुनी झाडं लागतात, ती आजूबाजूच्या रानातही हवीत. आणि ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला वळवलं, तर कुंपण कितीही भक्कम असो, दलदल सुकते.

काजूवर घरं चालतात. बागाच नकोत म्हणणं सोपं असतं ते मुंबईत बसून. बागायतदारांना मागणं एवढंच : ओढ्याकाठचा पट्टा बेणू नका, आणि जेसीबी लावायच्या आधी राखायच्या झाडांना चुना फासून ठेवा.