लेक म्हणते, जपानीत एम.ए. करते

बी.ए. झालेली लेक पुण्याला जाऊन जपानी शिकते म्हणाली, की घरात प्रश्न येतो, त्याचा उपयोग काय? गटाच्या बैठकीतही तो निघाला, म्हणून आम्ही माहिती काढली.

जपानीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 'मी पाव खाते' म्हणजे 'वाताशी वा पान ओ ताबेमास'. हे पान विड्याचं नव्हे हं! आपला पाव आणि त्यांचं पान, दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. अवघड आहे ते लिहिणं: दोन अक्षरमाला, वर दोन हजारांहून जास्त चित्रासारखी चिन्हं.

एम.ए.ला उपयोजित भाषाशास्त्र घेतलं, तर भाषा कशी शिकवावी, शिकणारा कुठे अडखळतो, भाषांतर कसं करावं, हे अभ्यासतात. घरी पावरी आणि शाळेत मराठी, अशी वाढलेली आपली मुलगी हे अडखळणं अनुभवानं ओळखते.

पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीत एम.ए. करता येतं. पण आधी भाषा यायला हवी. त्यासाठी जेएलपीटी परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत कठीण. तेव्हा एम.ए.साठी गटातून कर्ज काढण्याआधी लेकीला विचारा, एन५ कधी देतेस?