सावळघाट, एसटी आणि पोट: प्रवासात पोट का बिघडतं, आणि काय केलं तर सांभाळता येतं?

नाशिकहून पेठला जायचं तर अंतर साधारण ५५ किलोमीटर. पण सावळघाटाची वळणं सुरू झाली की एसटीतलं वातावरण बदलतं. खिडकीच्या सीटसाठी अदलाबदल सुरू होते, कुणी लिंबू हुंगत बसतं, कुणी आवळासुपारी तोंडात टाकतं. आणि एखादी मावशी सकाळपासून उपाशीच असते, कारण "मला गाडी लागते."

पेठ हा गुजरातच्या सीमेला लागून असलेला नाशिक जिल्ह्यातला आदिवासी तालुका. पावसाळ्यात शहरातली मंडळी इथले धबधबे बघायला येतात. दिवाळीनंतर उलटा प्रवास सुरू होतो. इथली कित्येक कुटुंबं लेकराबाळांसकट दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर किंवा गुजरातेत कामाला जातात. एकाचा प्रवास हौसेचा, दुसऱ्याचा पोटासाठीचा. पण वाटेत दोघांच्याही तक्रारी त्याच तीन: गाडी लागणं, पोट साफ न होणं आणि जुलाब.

यावर घरोघरी एकच उत्तर मिळतं, "बाहेरचं खाल्लं असशील!" ते अर्धंच खरं आहे. प्रवासात पोट बिघडण्यामागे बहुतेक वेळा पाणी, अन्न किती वेळ तसंच राहिलं आणि शरीराची मोडलेली सवय ही कारणं असतात. तिन्ही बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

घाटात गाडी का लागते?

आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. गाडी वळणं घेते तेव्हा ती मेंदूला सांगते, "आपण हलतोय." डोळे मात्र मोबाईलवर किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर असतात. ते सांगतात, "सगळं स्थिर आहे." या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. म्हणजे दुखणं पोटाचं वाटलं तरी सुरुवात पोटात होत नाही.

म्हणून घाटात मोबाईल खिशात ठेवायचा आणि लांबवरच्या रस्त्याकडे किंवा डोंगराकडे बघायचं. सीट शक्यतो पुढची घ्यायची. शेवटच्या सीटवर आणि मागच्या चाकाच्या वर धक्के जास्त बसतात.

पूर्ण उपाशी राहिल्यानेही अनेकांना जास्त मळमळतं, आणि तेलकट, भरपेट खाल्ल्यानेही. निघण्याआधी तासभर अर्धी भाकरी, पोहे किंवा केळं असं हलकं खाणं बरं. आल्याच्या तुकड्यानेही काहींना आराम पडतो. उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि घ्यायची तर घाट सुरू होण्याच्या अर्धा-एक तास आधी. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊन स्टिअरिंगवर बसू नये.

प्रवासात पोट साफ का होत नाही?

जेवण पोटात गेलं की मोठ्या आतड्याला हालचाल करण्याचा संदेश मिळतो. सकाळी उठल्यावर आणि नाश्त्यानंतर हा संदेश जोरात असतो. पण पहाटेची गाडी पकडायची घाई किंवा अनोळखी संडास यामुळे आपण तो दाबतो. मोठं आतडं काही थांबत नाही, ते साचलेल्या मळातलं पाणी शोषत राहतं. मळ कोरडा आणि कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो.

त्यात भर पडते कमी पाण्याची. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, म्हणून अनेक महिला प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्यातून बद्धकोष्ठता होते आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. हा दोष त्या महिलांचा नाही, सोयीचा आहे. तरी सोय होईपर्यंत एक करता येतं. पाणी पूर्ण बंद न करता थोडं थोडं प्यायचं, आणि जिथे गाडी दहा मिनिटं थांबते त्या स्टँडवर जाऊन यायचंच. घरच्यांनीही "आता कुठे थांबायचं?" न म्हणता गाडी थांबवायची.

खाण्यात मैद्याची बिस्किटं आणि वेफर्स यांच्यावर दिवस काढला तर आतड्याला तंतू मिळत नाहीत. पेठच्या घरांत होणारी नागलीची भाकरी इथे कामाला येते. नागलीत तंतू भरपूर असतात आणि कोरडी भाकरी प्रवासात टिकतेही. सोबत पेरू, केळं किंवा भाजलेले फुटाणे असले तर उत्तम.

दोष बाहेरच्या खाण्याचा की वेळेचा?

समजा सकाळी ७ वाजता घरून भात-वरणाचा डबा भरला आणि तो दुपारी २ वाजता उघडला. दुसऱ्याने वाटेतल्या टपरीवर कढईतून नुकताच काढलेला वडा खाल्ला. जास्त धोका कुणाला? बऱ्याचदा घरच्या डब्याला!

जंतूंना साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. अनुकूल तापमानात काही जंतू जेमतेम २० मिनिटांत दुप्पट होतात. त्यामुळे शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम सांगितला जातो. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. भाताचं आणखी एक आहे. त्यातले काही जंतू शिजवूनही बीजरूपात उरतात आणि भात कोमट राहिला की विष तयार करतात. त्यातलं उलटी करवणारं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही.

त्यामुळे लांबच्या प्रवासात डबा कोरडा हवा: भाकरी, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, लाडू. ओलं खोबरं, दही, पातळ भाजी, भात हे पहिल्या तास-दोन तासांत संपवायचं. बाहेर खायचं तर समोर तळलेलं किंवा भाजलेलं, वाफाळतं घ्यायचं. वड्यापेक्षा त्याच्यासोबतची पातळ हिरवी चटणी, चिरून ठेवलेला कांदा-काकडी आणि बर्फ घातलेला रस जास्त त्रास देतात. बर्फात जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.

झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसतं, मग?

पेठ हा नाशिक जिल्ह्यातल्या जास्त पावसाच्या तालुक्यांपैकी एक, आणि तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. उन्हाळ्यात विहिरी, झरे आटतात आणि तळाचं पाणी उरतं. पहिल्या पावसात उघड्यावरची घाण वाहून त्याच विहिरीत आणि ओढ्यात येते. म्हणजे दोन्ही ऋतूंत पाण्याबाबत सावध राहावं लागतं. पाणी नितळ दिसतं याचा अर्थ ते जंतूमुक्त आहे असा नाही.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे उकळणं. पाण्याला खळखळून उकळी आली की पुढे एक मिनिट पुरेसं असतं. ते शक्य नसेल तर गढूळ पाणी आधी स्वच्छ फडक्याने गाळून त्यात क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोर टाकायचं. प्रमाण पाकिटावर किंवा बाटलीवर दिलेलं असतं. त्यानंतर अर्धा तास थांबून मगच प्यायचं. काहीच नसेल तर टपरीवरचा उकळता चहा तिथल्या पिंपातल्या पाण्यापेक्षा सुरक्षित. आणि खाण्याआधी हात साबणानेच धुवायचे. सॅनिटायझर जुलाबाच्या सगळ्या विषाणूंवर चालत नाही.

तरीही जुलाब लागले तर?

इथे होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे "पाणी प्यायलं की जास्त होतं" म्हणून पाणी आणि खाणं बंद करणं. जुलाबात जीव जातो तो बहुतेक वेळा शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. लहान मुलांमध्ये ही वेळ काही तासांतच येऊ शकते.

याचा पुरावा १९७१ मध्ये मिळाला. बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन कमी पडत होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मिसळलेलं पाणी रुग्णांना तोंडाने द्यायला लावलं. नातेवाइकांनीच ते पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. हेच आजचं ओआरएस.

पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यातच पूर्ण विरघळवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकायचं नाही, आणि तयार पाणी २४ तासांनंतर फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. मीठ जास्त झालं तर अपायच होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका. कोल्ड्रिंक किंवा टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही.

बाळाला अंगावरचं दूध चालू ठेवायचं, मोठ्यांनी पेज, खिचडी, केळं खायचं. लहान मुलांना ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात, त्या आरोग्य केंद्रात मिळतात. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनीही स्वतःहून घेऊ नयेत.

शौचातून रक्त पडणं, जोराचा ताप, सतत उलट्या, सहा-आठ तास लघवी न होणं, डोळे खोल जाणं किंवा मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत थांबू नका. थेट दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा. वाटेतही ओआरएस घोट घोट पाजत राहा.

निघताना पिशवीत काय?

ओआरएसची दोन-तीन पाकिटं, एक लिटरची बाटली, क्लोरीनच्या गोळ्या, साबणाची वडी आणि कोरडा खाऊ. एवढं सामान एका कापडी पिशवीत मावतं.

धबधबा बघून संध्याकाळी नाशिकला परतणाऱ्याला गल्लीतच मेडिकल मिळतं. द्राक्षबागेत पाल ठोकून राहणाऱ्या कुटुंबाला रात्री ११ वाजता मुलाला जुलाब सुरू झाले तर तसं मिळत नाही. गावातल्या आशाताईंकडे ओआरएसची पाकिटं मोफत असतात. पिकअप गावातून निघण्याआधी ती मागून घेतली, तर सकाळ होईपर्यंत मुलाला सांभाळता येतं.